गुलामाच्या किमतीपासून जमिनीच्या धाऱ्यापर्यंत : मलिक अंबर

बदनापूर : जालना आणि छत्रपती संभाजीनगर या दोन शहरांना जोडणाऱ्या मार्गावरील बदनापूर हे नाव आज शेतकऱ्यांना परिचित आहे ते येथील कृषी संशोधन केंद्रामुळे. या केंद्राने विकसित केलेले तुरीचे वाण मराठवाड्याबाहेरही पेरले जातात. मात्र याच तालुक्यातील रोषणगावच्या शिवाराने चार शतकांपूर्वी एक मोठे रण पाहिले होते, याची आठवण फार थोड्यांना असते. फेब्रुवारी १६१६ मध्ये येथे दिल्लीच्या मोगलांची फौज आणि अहमदनगरच्या निजामशाहीची फौज समोरासमोर आली. त्या दिवशी निजामशाहीचा पराभव झाला. पराभूत सेनानीचे वय सत्तरीच्या घरात होते आणि तो जन्माने ना मराठा होता, ना दक्षिणी, ना इराणी. हजारो कोस दूर असलेल्या आफ्रिकेतून लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला तो हबशी होता. त्याचे नाव मलिक अंबर.

या माणसाचे चरित्र लिहिण्यासाठी आत्मचरित्र नाही आणि पदरी ठेवलेल्या भाटाची बखरही नाही. त्याचा शोध घ्यावा लागतो तो इतरांच्या दप्तरांत. डच व्यापाऱ्याच्या रोजनिशीत, शत्रूच्या दरबारी इतिहासात, इंग्रज प्रवाशाच्या टिपणांत आणि आपल्याकडच्या जमीनमहसुलाच्या कागदांत. या कागदांमध्ये त्याचा प्रवास मोठा विलक्षण दिसतो. सुरुवातीला तो एक किंमत म्हणून येतो. अखेरीस त्याच्या नावाने जमिनीचा धारा ओळखला जाऊ लागतो. या दोन नोंदींच्या मध्ये जे आयुष्य गेले, त्याची ही कथा.

मोख्याच्या बाजारातील मुलगा

मलिक अंबरचा जन्म सुमारे १५४८ साली आजच्या इथिओपियाच्या दक्षिण भागातील कंबाटा प्रदेशात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. त्या काळी इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातून माणसांचा व्यापार जोरात चालत असे. युद्धात सापडलेली, पळवून आणलेली किंवा दारिद्र्यामुळे विकली गेलेली मुले तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर आणली जात. तेथून ती अरबस्तान, इराक आणि हिंदुस्थानकडे रवाना होत. या व्यापारात हिंदुस्थानचा हात लहान नव्हता. इथिओपियाला हवे असलेले सुती कापड हिंदुस्थानातून जात होते आणि त्याच्या मोबदल्यात सोने, हस्तिदंत व गुलाम बाहेर पडत होते. आपल्याकडच्या मागावर विणलेले कापड आणि तिकडच्या आईच्या कुशीतून हिरावलेले मूल हे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

येमेनमधील मोखा बंदरात या मुलाची विक्री झाली. पुढे १६१७ साली मलिक अंबरला प्रत्यक्ष भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूके याने ती किंमत ८० गिल्डर अशी नोंदवून ठेवली आहे. आईवडील कोण, भावंडे किती, गावाचे नाव काय, यांपैकी काहीही विक्रीच्या व्यवहाराला लागत नव्हते. लागत होता तो आकडा, आणि तो तेवढा उरला.

मोख्याहून तो बगदादला गेला. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. या मालकाला मुलाची बुद्धी जाणवली असावी. त्याने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारा मौल्यवान सुगंधी पदार्थ. गुलामांना रत्नांची, फुलांची, सुगंधाची नावे ठेवण्याची तेव्हा पद्धतच होती. जुने नाव पुसून मालकाच्या मर्जीचे नाव दिले की मागचे सारे नाते तुटते, असा तो संकेत होता. चापू तेथे संपला आणि अंबर उरला.

दख्खनमधील गुलामी

१५७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला खरेदी केले. हा चंगेजखान म्हणजे मंगोलांचा इतिहासप्रसिद्ध बादशहा नव्हे. तो स्वतः एक हबशी होता आणि गुलामीतूनच वर चढून राज्याचा मुख्य कारभारी झाला होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते आणि अंबर हा त्यांपैकी एक.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील कापसाचे आणि तंबाखूचे मळे उभे राहतात. तेथे गुलाम हा पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर राबणारा मजूर होता. त्याची मुलेही जन्मतःच मालकाची मालमत्ता ठरत. दख्खनमधील हबशी गुलामी निराळी होती. येथील राजघराणी आणि सरदार गुलाम घेत ते प्रामुख्याने शिपाईगिरीसाठी. दरबारात दक्षिणी आणि इराण-तुराणकडून आलेले परदेशी अशा दोन गटांमध्ये सतत चुरस असे. ज्याला या मुलखात भाऊबंद नाहीत, जहागीर नाही, जुने वैर नाही, असा माणूस मालकाशी एकनिष्ठ राहील, हा त्यामागचा हिशेब होता. मालकाच्या मृत्यूनंतर असे गुलाम बहुधा मुक्त होत आणि शस्त्राच्या बळावर स्वतःचे नशीब शोधत.

परंतु निराळी असली तरी ती गुलामीच होती. विकत घेतलेल्या माणसाला घरी परतण्याचा मार्ग नव्हता. एखाद्या अंबरचे नाव इतिहासात राहिले, पण त्याच तांड्यातील शेकडो मुले वाटेत मेली किंवा अनाम शिपाई म्हणून कुठल्या तरी खंदकात पडली. त्यांच्या नावाची नोंद कोणी केली नाही.

चंगेजखानाच्या चाकरीत अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. १५७४-७५ च्या सुमारास चंगेजखानाचा मृत्यू झाला आणि त्याच्या विधवा पत्नीने अंबरला मुक्त केले. वयाच्या पंचविशीत तो प्रथमच स्वतःचा धनी झाला. त्याने करीमा नावाच्या स्त्रीशी विवाह केला आणि पुढची सुमारे वीस वर्षे तो नशीब अजमावीत फिरत राहिला. विजापूरच्या आदिलशाहीत त्याने चाकरी केली. तेथेच त्याला मलिक हा किताब मिळाला. मात्र परदेशी गटाकडे झुकलेल्या दरबारात आपल्याला फारसे स्थान नाही, हे लक्षात येताच तो आपली लहानशी तुकडी घेऊन बाहेर पडला.

दीडशे घोडेस्वारांचा सरदार

१५९५ साली मलिक अंबर पुन्हा निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे घोडेस्वार होते. अभंगखान या हबशी सरदाराच्या पथकात तो दाखल झाला. ती वेळ निजामशाहीच्या दृष्टीने अत्यंत बिकट होती. अकबर बादशहाच्या फौजा अहमदनगरच्या वेशीवर येऊन धडकल्या होत्या. चांदबिबीने किल्ला लढवला आणि पहिला वेढा निष्फळ ठरला. परंतु १६०० साली चांदबिबी आपल्याच माणसांकडून मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि बाल राजाला कैद करून नेण्यात आले. राजधानी गेली, राजा गेला, तेव्हा निजामशाही संपली असेच साऱ्यांना वाटले.

मलिक अंबरने ती संपू दिली नाही. मोगलांना किल्ला मिळाला होता, पण आसपासचा मुलूख त्यांच्या ताब्यात आलेला नव्हता. अंबरने मोगलांची रसद तोडण्यास सुरुवात केली. त्याच्या तुकडीत माणसे वाढू लागली. निजामशाही घराण्यातील वीस वर्षांच्या एका तरुणाला त्याने हुडकून काढले आणि परांडा येथे त्याला मुर्तझा निजामशहा या नावाने तख्तावर बसवले. आपली मुलगी त्याला देऊन त्याने हे नाते अधिक घट्ट केले. ज्याला एके काळी मोख्याच्या बाजारात उभे केले गेले होते, तो आता राजाचा सासरा आणि राज्याचा कारभारी झाला होता.

मार्ग मात्र निष्कंटक नव्हता. एकीकडे मोगल होते, तर दुसरीकडे राजू दखनी हा निजामशाहीतीलच दुसरा बलाढ्य सरदार होता. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळच्या लढाईत खानखानान अब्दुर्रहीम याचा मुलगा इरज याने अंबरच्या सैन्याचा पराभव केला. या लढाईत अंबर जबर जखमी झाला आणि त्याच्या माणसांनी त्याला कसेबसे रणातून बाहेर काढले. हाच इरज पुढे शाहनवाजखान या किताबाने ओळखला गेला आणि चौदा वर्षांनी रोषणगावला पुन्हा अंबरसमोर उभा राहिला. १६०७ पर्यंत अंबरने राजू दखनीचा बंदोबस्त केला आणि राजधानी जुन्नरला नेली. १६१० मध्ये ती दौलताबादला आली.

त्याच वर्षी घडलेला एक प्रसंग या चरित्रात टाळता येणार नाही. मुर्तझाच्या जनानखान्यात अंबरची मुलगी आणि राजाची इराणी वंशाची बेगम यांच्यात भांडण झाले. त्या बेगमेने अंबरच्या मुलीला तिच्या गुलाम कुळावरून हिणवले आणि तिच्या बापालाही बोल लावला. ही गोष्ट अंबरच्या कानी गेली. त्यानंतर राजा आणि ती बेगम या दोघांनाही विष देण्यात आले आणि राजाच्या पाच वर्षांच्या मुलाला तख्तावर बसवण्यात आले. डच व्यापाऱ्याने ही हकिगत लिहून ठेवली आहे. मुक्त होऊन पस्तीस वर्षे झाली, सारे राज्य हातात आले, तरी गुलामीचा डाग पुसला गेला नव्हता आणि त्या डागाचा उल्लेख सहन करण्याची ताकद या कणखर माणसातही नव्हती. हे समर्थन नव्हे, परंतु त्याच्या मनातील जखम किती खोल होती, हे यावरून कळते.

खडकीचे नगर, नहरीचे पाणी

१६१० सालीच अंबरने दौलताबादजवळच्या खडकी या गावी नवे शहर वसवण्यास घेतले. आजच्या छत्रपती संभाजीनगरचा तो पाया होय. अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने या शहराला फतेहनगर हे नाव दिले. पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीच्या काळात ते औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. नावे बदलत गेली, पण शहर वसवण्याचा पहिला विचार अंबरचा होता.

खडकीला मोठा प्रश्न होता तो पाण्याचा. अंबरने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बांधीव मार्गाने शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ही योजना प्रसिद्ध आहे. ठरावीक अंतरावर उभारलेल्या मनोऱ्यांतून हवा खेळती ठेवून, कोणत्याही यंत्राशिवाय केवळ उताराच्या आधारे हे पाणी वाहत असे. विसाव्या शतकातही शहराच्या काही भागांना या नहरीचे पाणी मिळत होते. टँकरच्या प्रतीक्षेत उन्हाळे काढणाऱ्या मराठवाड्याला या योजनेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

जमिनीची पाहणी

युद्धांमुळे अंबरचे नाव दिल्लीपर्यंत गेले, परंतु ते खेड्यापाड्यांत टिकले ते जमिनीच्या व्यवस्थेमुळे. त्याच्या आधी बऱ्याच ठिकाणी महसूल मक्त्याने दिला जात असे. मक्तेदार सरकारला ठरावीक रक्कम भरी आणि रयतेकडून जमेल तितके ओरबाडी. अंबरने ही मक्त्याची पद्धत बंद केली. महसुलाचे काम त्याने ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले आणि त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. गावचा पाटील आणि कुलकर्णी यांची घडी त्याने पुन्हा बसवली.

जमिनीची पाहणी करून बागायत आणि जिरायत असे तिचे भेद करण्यात आले. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सरकारचा वाटा ठरू लागला. प्रारंभी पिकाचा सुमारे दोन पंचमांश भाग धान्याच्या रूपाने घेतला जाई. काही हंगामांच्या अनुभवानंतर त्याऐवजी सुमारे एक तृतीयांशाच्या बरोबरीची रोख रक्कम घेण्याची पद्धत सुरू झाली, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत नोंदलेले आहे. पीक बुडाल्यास आकारणीही कमी होई. मिरासदाराचा जमिनीवरील वंशपरंपरागत हक्क त्याने मान्य केला. जमीन आपली राहणार, असा भरवसा मिळाला की शेतकरी बांध घालतो, विहीर खोदतो, झाड लावतो. अंबरच्या व्यवस्थेचे मर्म या भरवशात होते.

मराठ्यांच्या कागदांत ही व्यवस्था मलिकंबरी या नावाने पुढे दीर्घकाळ उल्लेखिली गेली. शहाजीराजांच्या जहागिरीत आणि त्यानंतर स्वराज्यातही महसुलाचा विचार करताना हा धारा डोळ्यांसमोर होता. बदनापूरच्या काळ्या जमिनीवर आज जो शेतकरी सातबाराचा उतारा हातात घेऊन तलाठी कार्यालयाबाहेर उभा राहतो, त्या उताऱ्याला इंग्रजी आणि निजामी अशा अनेक पिढ्यांचा इतिहास आहे. मात्र कसणाऱ्याचा हक्क कागदावर यावा आणि धारा पिकाच्या मानाने असावा, ही कल्पना या मुलखात रुजवणाऱ्यांमध्ये अंबरचे स्थान फार वरचे आहे.

गुलाम विकत घेणारा गुलाम

येथवरची कथा कोणालाही भावेल अशी आहे. परंतु चरित्राचा दुसरा कागदही वाचला पाहिजे. मलिक अंबरने स्वतः हबशी गुलाम विकत घेतले, त्यांना युद्धशिक्षण दिले आणि त्यांच्या बळावर आपली सत्ता टिकवली. १६१० च्या सुमारास हिंदुस्थानात आलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने अंबरच्या सैन्यात सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दक्षिणी असल्याचे नोंदवले आहे. हे सारे हबशी विकत घेतलेलेच होते असे नव्हे. मुक्त झालेलेही त्यांत होते. परंतु ज्या बाजाराने चापूला त्याच्या घरापासून तोडले, तो बाजार अंबरच्या काळात थांबला नाही आणि अंबर त्याचा ग्राहक होता.

अमेरिकेत आज अनेक कुटुंबे आपल्या पूर्वजांचा शोध घेत तेथील जिल्हा कचेऱ्यांतील जुनी दप्तरे चाळतात. मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते, कराच्या याद्या अशा कागदांत एखाद्या कष्टाळू शेतकरी पूर्वजाचे नाव सापडते आणि त्याच पानावर घोडे, नांगर, गुरे यांच्या यादीत माणसेही लिहिलेली आढळतात. १८५० आणि १८६० च्या तेथील जनगणनेत गुलामांच्या स्वतंत्र याद्या करण्यात आल्या. त्यांत मालकाचे नाव ठळक आहे. गुलामांचे मात्र बहुतेक ठिकाणी केवळ वय, लिंग आणि वर्ण. नावाची जागाच नाही. ज्याच्या परिश्रमाचा अभिमान बाळगत वंशज तेथवर आला, त्याच पूर्वजाच्या खात्यात त्याला ही माणसे मोजावी लागतात. विशेष म्हणजे अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीत आफ्रिकन बंदिवानांचे पहिले जहाज पोहोचले ते १६१९ साली. तेव्हा दख्खनमध्ये एक आफ्रिकन माणूस राज्य चालवीत होता.

आपल्याकडची दप्तरेही या बाबतीत निर्दोष नाहीत. पेशवेकालीन कागदांत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी, त्यांचे बक्षीस दिले जाणे, त्यांच्या किमती या नोंदी आढळतात. कंपनी सरकारच्या मुलखात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची न्यायालयीन मान्यता काढून घेतली गेली. तोवर माणूस विकणे हा इकडेही कागदावर उतरणारा व्यवहार होता. अंबरकडे पाहताना म्हणूनच दोन्ही नोंदी जवळजवळ ठेवाव्या लागतात. तो गुलामगिरीचा बळी होता आणि गुलामांचा धनीही होता. एक नोंद दाखवून दुसरी झाकली, तर चरित्र अपुरे राहील.

रोषणगावचे रण

१६१६ च्या प्रारंभी अंबरची बाजू आतून पोखरली गेली होती. त्याच्या करड्या कारभाराला कंटाळलेले काही हबशी आणि मराठा सरदार वऱ्हाडातील बाळापूर येथे शाहनवाजखानाला जाऊन मिळाले. मोगलांच्या कागदांत त्यांमध्ये सिंदखेडच्या जाधवांचेही नाव येते. घरची माहिती हाती आल्यावर शाहनवाजखान बाळापूरहून निघाला. वाटेत अंबरच्या आघाडीच्या तुकड्या त्याने उधळल्या. अंबरने विजापूर आणि गोवळकोंडा यांच्या फौजा सोबत घेतल्या, तोफखाना जमवला आणि तो सामन्यास सज्ज झाला.

रोषणगावजवळ दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. दोहोंच्या मध्ये एक ओढा होता आणि मोगलांनी त्याच्या काठावर तिरंदाज ठेवले होते. अंबरचे घोडेस्वार पुढे सरसावले, परंतु ओढ्याच्या चिखलात त्यांची गती मंदावली आणि त्यांच्यावर बाणांचा वर्षाव झाला. शाहनवाजखानाचा भाऊ दाराबखान याने मग आघाडीची फौज घेऊन ओढा ओलांडला आणि थेट अंबरच्या मध्यावर चाल केली. झुंज फार वेळ चालली नाही. अंधार पडला आणि पाठलाग थांबला. तोफा, बाणांनी लादलेले उंट, हत्ती आणि घोडे मोगलांच्या हाती लागले. त्यानंतर मोगल फौज खडकीला गेली. शहर रिकामे होते. ते जाळून आणि पाडून फौज परत फिरली. सहा वर्षांत उभे केलेले नगर असे राख झाले.

ज्या गनिमी पद्धतीने अंबर एरवी मोगलांना जेरीस आणीत असे, ती सोडून तो येथे मोकळ्या मैदानात उभा राहिला आणि हरला. आपल्या बलस्थानापासून दूर गेल्याची ती किंमत होती.

या विजयाचा आनंद जहांगीर बादशहाला किती झाला असेल, याची कल्पना एका चित्रावरून येते. १६१६ च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन याने ते काढले. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर भाल्याच्या टोकावर खोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दाखवला आहे. हे चित्र आज डब्लिन येथील चेस्टर बिटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. अंबर मोगलांच्या हाती जिवंत किंवा मृत कधी लागलाच नाही. जहांगीरने आपल्या आठवणींमध्ये अंबरच्या वर्णावरून वारंवार हीन शब्द वापरले आहेत. ज्याला जिंकता येत नाही, त्याला निदान कागदावर मारावे, असा तो प्रकार होता.

भातवडी आणि अखेर

रोषणगावनंतर अंबर संपला नाही. १६१७ साली शाहजादा खुर्रम मोठी फौज घेऊन आला, तेव्हा अंबरने तह करून अहमदनगरचा किल्ला सोडला. तीनच वर्षांनी त्याने तह झुगारला आणि त्याच्या स्वारांनी मोगलांना बुऱ्हाणपुरापर्यंत रेटत नेले. १६२१ मध्ये खुर्रम पुन्हा आला, खडकीची पुन्हा नासधूस झाली आणि पुन्हा तह झाला. खडकी प्रत्येक वेळी नव्याने उभी राहिली.

त्याच्या रणनीतीचा कळस १६२४ मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडी येथे दिसला. मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजा चालून येत असता वृद्ध अंबरने तेथील तलावाचा बांध फोडला. वाटा चिखलाने भरल्या, शत्रूची छावणी अडकून पडली आणि निजामशाहीच्या हलक्या पथकांनी रात्रंदिवस तिचे लचके तोडले. रोषणगावच्या चिखलाने जे गमावले होते, ते भातवडीच्या चिखलाने परत दिले. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. मराठा पथकांना हाताशी धरून बलाढ्य सैन्याला थकवण्याचे हे तंत्र पुढच्या पिढीने अधिक उंचीवर नेले, हे सर्वश्रुत आहे.

१४ मे १६२६ रोजी वयाच्या सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मलिक अंबरचे निधन झाले. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. मोगल इतिहासकार मोतमिदखान याने हयातभर शत्रू असलेल्या या माणसाच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने वाखाणणी केली. जहांगीरच्या शिव्यांशेजारी ही नोंद ठेवली की दोहोंपैकी खरी कोणती, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अंबरचा मुलगा फतेहखान याला बापाची उंची गाठता आली नाही. त्याने राजाचा घात करवला आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. तीन वर्षांत निजामशाही कायमची लयाला गेली. त्याआधीच १६३० च्या भीषण दुष्काळाने दख्खन उजाड केले होते. बापाने जमिनीची जी घडी बसवली, ती सांभाळणारे कोणी उरले नव्हते.

नोंदींचा अर्थ

आज रोषणगावच्या शिवारात तूर, कपाशी आणि सोयाबीन डोलते. ओढ्यांना पावसाळ्यात पाणी येते आणि उन्हाळ्यात ते कोरडे पडतात. येथून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा प्रवासी ज्या शहराच्या दिशेने निघतो, ते त्याच पराभूत सेनानीने वसवलेले आहे.

मलिक अंबरला कोणी केवळ परकीय म्हणून दूर सारतो, कोणी निष्कलंक वीर म्हणून डोक्यावर घेतो. कागद मात्र या दोहोंना साथ देत नाहीत. ते एका माणसाला ८० गिल्डरना विकले गेल्याचे सांगतात, त्याच माणसाने इतरांना विकत घेतल्याचेही सांगतात, आणि त्यानेच कसणाऱ्याच्या हक्काला कागदावर जागा दिली, हेही सांगतात. मोख्याच्या बाजारात त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या इतर मुलांची नावे आपल्याला कधीच मिळणार नाहीत. रोषणगावच्या ओढ्यात पडलेल्या हबशी शिपायांची, त्यांच्यावर बाण सोडणाऱ्यांची आणि त्या धामधुमीत ज्यांची उभी पिके तुडवली गेली त्या कुणब्यांचीही नाहीत. एका अंबरचे नाव वाचताना त्या अनाम माणसांचे भान राहिले, तर या जुन्या दप्तरांचे वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.